दुधाची तूट कशी शोधायची: नव्यानं संकलन केंद्र चालवणाऱ्यांसाठी

गावातलं दूध संकलन केंद्र नव्यानं हातात घेतलं की पहिल्या दहा दिवसांच्या बिलातच डोकं चक्रावतं. आपल्या वहीत दूध जास्त, बल्क कूलरच्या (गावोगावचं दूध थंड करून साठवणाऱ्या टाकीच्या) पावतीवर कमी. शेतकऱ्यांचे पैसे वहीप्रमाणे चुकवायचे आणि आपल्या हातात येणार पावतीप्रमाणे. मग संशय सुरू होतो. टेम्पोवाल्यावर, कूलरच्या ऑपरेटरवर, शेवटी दूध घालणाऱ्यांवरही. चोरी कधीच होत नाही असं नाही, पण ते कारण सगळ्यात शेवटी तपासायचं. त्याआधी तपासण्यासारखं बरंच असतं आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं: मापात, तापमानात आणि घड्याळात.

विदर्भात हा प्रश्न जास्त टोचतो. पश्चिम महाराष्ट्रासारखं इथे घरोघरी भरपूर दूध नाही. एका टेम्पोला दहा गावं फिरून पुरेसं दूध जमवावं लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकलेला असतो. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पामुळे २०१६ नंतर अनेक गावांत नवी केंद्रं सुरू झाली. खासगी संकलनही आहेच. केंद्र कुणाचंही असो, पुढची पद्धत लागू पडते. घरची चार ढोरं असलेल्या आणि स्वतःच दूध गोळा करून शहरात नेणाऱ्यालाही ती वापरता येईल.

आधी ठरवा, तूट कशाला म्हणायचं

तुटीचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे हिशोब वेगळे ठेवायचे असतात. पहिला डोळ्यांना दिसतो: सांडलं, नासलं, फेकलं, कॅनला चिकटून राहिलं. दुसऱ्यात दूध जातं पूर्ण, पण दर्जा घसरल्यामुळे कमी दरानं. तिसरी नुसती कागदी तूट, म्हणजे दूध कुठेही गेलेलं नसतं, मोजणीत फरक पडलेला असतो.

लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेनं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दुधाची तूट ०.९२ टक्के निघाली होती. त्याच पाहणीत पेरूची तूट पंधरा टक्क्यांच्या वर होती, म्हणजे दूध तसं शहाणंच म्हणायचं. पण हा आकडा प्रत्यक्ष गेलेल्या दुधाचा आहे. आंबटपणाकडे झुकलेलं, दर कापून घेतलेलं दूध त्यात दिसत नाही. शिवाय एक टक्का ही छोटी गोष्ट नाही. लिटरला ३५ रुपये दर धरला तर एक टक्का म्हणजे ३५ पैसे, आणि केंद्राला लिटरमागं सुटतात किती ते तुम्हाला माहीत आहे.

किलो की लिटर

नवख्या माणसाची पहिली कागदी तूट इथे निघते. एक लिटर दुधाचं वजन एक किलो नसतं, साधारण १.०३ किलो असतं. म्हशीचं किंचित जास्त, गाईचं किंचित कमी, पण रोजच्या हिशोबाला १.०३ पुरतं.

समजा सकाळी मापानं २४० लिटर दूध घेतलं आणि कूलरच्या पावतीवर २४२.५ किलो आलं. वहीपेक्षा अडीचनं जास्त आलं म्हणून कुणी खूश होईल. पण २४० लिटरचे व्हायला हवेत २४७.२ किलो. म्हणजे ४.७ किलो दूध कमी पोचलं, जवळपास दोन टक्के. म्हणून सगळ्यात आधी एकच एकक ठरवा. माझं मत किलोच्या बाजूचं आहे. वजनाला फेस फसवत नाही, मापाला फसवतो. लिटरमध्येच पैसे द्यायचे असतील तर काट्यावर किलो घेऊन १.०३ नं भागा, आणि हा भागाकार शेतकऱ्यांना एकदा उघडपणे समजावून सांगा.

काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का हवा. त्याशिवाय रोज सकाळी पहिला कॅन ठेवण्याआधी ५ किलोचं वजन ठेवून आकडा वहीत लिहायचा. याला अर्धं मिनिट लागतं आणि पुढचे निम्मे वाद मिटतात. काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवत असेल आणि वरचे ग्रॅम सोडून द्यायची सवय असेल, तर माणशी सरासरी ५० ग्रॅम सुटतात. साठ जणांनी दूध घातलं की झाले तीन किलो. हे दूध शेतकऱ्याच्या खात्यातून जातं आणि केंद्राची खरी तूट त्याखाली झाकली जाते. वर्षानुवर्षं ‘आमच्याकडे तूटच नाही’ म्हणणाऱ्या काही केंद्रांचं गुपित एवढंच असतं.

नमुन्याचं दूधही असंच. तपासणीला पुरतं तेवढंच घ्या. पेलाभर घेऊन उरलेलं कुठेतरी ओतण्याची पद्धत असेल तर ती आजच बंद करा, आणि नमुन्यात गेलेल्या दुधाची वहीत वेगळी ओळ ठेवा.

डिग्री पाहण्याआधी तापमान पाहा

ज्या केंद्रांत अजून लॅक्टोमीटर (दुधाची घनता ‘डिग्री’त दाखवणारं काचेचं उपकरण) आहे, तिथे ही बाब पैशाची आहे. लॅक्टोमीटरवर कोणत्या तापमानासाठी बनवला ते कोरलेलं असतं, बऱ्याचदा २७ अंश. दूध त्याहून गरम असेल तर डिग्री कमी दिसते. दर अंशामागे साधारण ०.२ मिळवावे लागतात. मे महिन्यात गोठ्यातून थेट आलेलं दूध ३७ अंशांचं असेल, तर दहा अंशांचा फरक म्हणजे दोन डिग्री. एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढताना डिग्रीला चारानं भागतो, म्हणजे नुसत्या गरमपणामुळे एसएनएफ अर्ध्या टक्क्यानं पडलं. ८.५ चं दूध कागदावर ८.० झालं! दूध घालणारी मावशी ‘माह्या दुधात पानी नाई बाप्पा’ म्हणते तेव्हा ती खरंच बोलत असते.

दुसरं म्हणजे आत्ताच काढलेल्या दुधात हवा असते, त्यानंही डिग्री खाली येते. नमुना थोडा वेळ ठेवून, फेस बसल्यावर वाचा. दूध तपासायचं यंत्र असेल तर तापमानाची दुरुस्ती तेच करतं, पण ते धुतलेलं असलं पाहिजे. आतल्या नळीत साय साठलेलं यंत्र दिवसभर चुकीचे आकडे अगदी आत्मविश्वासानं छापतं.

नमुना घेण्याआधी दूध ढवळा. फॅट वर येतं. वरच्या थरातून घेतलेला नमुना चढं फॅट दाखवतो, तळातला पडकं. चाळीस लिटरच्या कॅनमध्ये प्लंजर (ढवळायची दांडी) वर-खाली आठ-दहा वेळा फिरवल्याशिवाय नमुना घेऊ नका.

पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त लिहा

सुधारणेची घाई झाली की नेमकं कशानं फरक पडला ते कळत नाही. म्हणून पहिले सात दिवस जसं चालतं तसं चालू द्या आणि नोंदी करा. त्यासाठी शिक्क्याचा काटा, धातूच्या दांड्याचा डिजिटल थर्मामीटर, मोबाईलचं घड्याळ आणि एक लांब वही पुरते. काचेचा थर्मामीटर दुधाजवळ आणू नका, फुटला तर अख्खा कॅन फेकावा लागेल.

दूध एका हातातून दुसऱ्या हातात जातं त्या प्रत्येक ठिकाणी वजन, तापमान आणि वेळ लिहायची. ही ठिकाणं अशी: शेतकऱ्याची बादली केंद्रात रिकामी होते, भरलेला कॅन टेम्पोत चढतो, कॅन कूलरवर उतरतो, कूलरमधून टँकर भरतो. फॅट आणि डिग्री केंद्रात असतेच, कूलरच्या पावतीवरही असते. शेऱ्याच्या रकान्यात सांडलं, लाईन गेली, टेम्पो उशिरा आला, रस्त्यात थांबला असं काहीही लिहा. शेऱ्याचा रकाना आळसानं रिकामा राहतो, आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्यात उपयोगी पडणारा रकाना तोच असतो.

धार कधी काढली हेही विचारून ठेवा, निदान दूरच्या वस्तीवरच्या पाच-सहा जणांना. केंद्र सकाळी सातला उघडतं आणि धार साडेपाचला निघते, म्हणजे दीड तास बादली कुठे होती? गोठ्यात, अंगणात की टिनाच्या शेडखाली? या प्रश्नाचं उत्तर वजनाच्या आकड्यांत येत नाही.

ताळा

आठवड्याच्या नोंदी झाल्या की ताळा लावायचा. तो नुसत्या दुधाचा लावू नका, फॅटच्या किलोचा लावा. दुधाचं वजन गुणिले फॅट टक्के, भागिले शंभर, म्हणजे किलो फॅट. मघाच्याच उदाहरणात केंद्राची सरासरी फॅट ४.२ असेल तर २४७.२ किलोत १०.३८ किलो फॅट निघालं. कूलरवर २४२.५ किलो ४.१ नं उतरलं, म्हणजे ९.९४ किलो. दुधाची तूट दोन टक्क्यांच्या आत दिसते, फॅटची मात्र चार टक्क्यांच्या वर गेली. बिल फॅटवर निघत असेल तर खिशाला बसणारी तूट ही दुसरी आहे.

इथे सरासरीचा सापळा आहे. एकानं म्हशीचं ५ लिटर दूध ७.० फॅटचं घातलं, दुसऱ्यानं गाईचं २० लिटर ३.६ चं. दोन आकड्यांची बेरीज करून दोननं भागलं तर ५.३ येतं. खरी सरासरी ४.२८ आहे, कारण गाईचं दूध चौपट आहे. साध्या सरासरीवरून ताळा लावला तर कूलरवाला रोज चोर दिसेल. प्रत्येकाचं वजन आणि फॅट यांचा गुणाकार करून बेरीज करा, मगच एकूण वजनानं भागा.

मग आकडे काय सांगतात ते वाचा. वजन घटलं आणि फॅट-एसएनएफ तेच राहिलं, तर दूध सांडतंय, कॅनमध्ये राहतंय किंवा दोन काटे जुळत नाहीत. दोन्ही काट्यांवर तेच ५ किलोचं वजन ठेवून पाहा. वजन जुळतं पण फॅट एकटंच पडतं, तर नमुना नीट घेतला जात नाही किंवा फॅट वाटेत अडकतं. अर्धा भरलेला कॅन खडबडीत रस्त्यावर हिंदकळला की दूध घुसळलं जातं आणि झाकणाला लोण्याच्या बारीक कण्या लागतात, म्हशीच्या दुधात तर हमखास. कॅन गळ्यापर्यंत भरा. दूध कमी असेल त्या गावाला वीस लिटरचा कॅन द्या.

वजन जुळतं, कधी थोडं वाढतंही, पण फॅट आणि एसएनएफ दोन्ही सारखंच पडतात, तर पाणी आलंय. लगेच कुणाकडे बोट दाखवू नका. धुतलेले कॅन उपडे न ठेवता तसेच झाकण लावून परत आले तर तळाला अर्धा लिटर पाणी सहज राहतं. चाळीस लिटर दुधात अर्धा लिटर पाणी म्हणजे ८.५ चं एसएनएफ ८.४ च्या खाली. दरपत्रकात प्रत्येक पॉइंटला पैसे कापले जातात, तेव्हा कॅन उपडा ठेवायला लाकडाची साधी घोडी बनवून घेणं हा केंद्रातला सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो.

कॅनमध्ये उरणारं दूधही एकदा मोजा. रिकामा केलेला कॅन स्वच्छ गंजावर (पातेल्यावर) मिनिटभर उपडा धरा आणि गंजात जमलेलं तोला. जे येईल त्याला रोजच्या कॅनच्या संख्येनं गुणा. आकडा पाहून ऑपरेटर स्वतःच कॅन थोडा जास्त वेळ तिरपा धरायला लागतो.

उन्हाळा आणि घड्याळ

इथून पुढे खरी तूट. कासेतून निघालेलं दूध ३७-३८ अंशांचं असतं. त्या उबेत जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. अर्धा तास धरला तरी तीन तासांत एकाचे चौसष्ट. ताज्या दुधात जिवाणूंना रोखण्याची स्वतःची थोडी ताकद असते, पण दूध जितकं गरम तितकी ती लवकर संपते. म्हणून धार काढल्यापासून दूध ४ अंशांवर येईपर्यंतचा वेळ मोजायचा. तो चार तासांच्या आत हवा, मेमध्ये तीनच्या आत बसवता आला तर उत्तम. तुमच्या आठवड्याच्या नोंदीत हा वेळ मांडा. बहुतेक ठिकाणी दूध टेम्पोत जितकं थांबतं त्याहून जास्त टेम्पोची वाट पाहण्यात थांबलेलं दिसतं.

पहिला उपाय फुकट आहे: वेळ बदला. मार्चच्या शेवटापासून केंद्र तासभर आधी उघडा, टेम्पोचा फेरा उलटा लावून लांबचं आणि जास्त दुधाचं गाव शेवटी घ्या, म्हणजे तिथलं दूध गाडीत कमी वेळ राहील. टेम्पोवर ताडपत्री, तिच्याखाली ओलं गोणपाट.

दुसरा उपाय पाण्याचा. कॅन नुसता सावलीत ठेवला तर चाळीस अंशांच्या हवेत तो निवणार कसा? सिमेंटच्या छोट्या हौदात विहिरीचं पाणी भरा आणि कॅनमधल्या दुधाच्या पातळीइतकं पाणी बाहेरून राहील असे कॅन उभे करा. मधूनमधून प्लंजर फिरवा, पाणी कोमट झालं की बदला. हवेपेक्षा पाणी कितीतरी लवकर उष्णता ओढून घेतं. ओल्या गोणपाटाचं तत्त्व आपल्या घरच्या कूलरचंच आहे. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे ते एप्रिल-मेमध्ये झकास चालतं आणि जूनच्या शेवटी दमट हवा आली की थांबतं. पावसाळ्यात गोणपाटावर विसंबू नका.

बर्फ वापरायचा तर हिशोब करून. चाळीस किलो दूध ३५ वरून १५ अंशांवर आणायला साधारण आठ किलो बर्फ वितळावा लागतो. वाटेतली गळती धरून दहा-बारा किलो घ्या. बर्फ कॅनच्या बाहेर, हौदात. दुधात कधीही नाही, कितीही ‘शुद्ध पाण्याचा’ म्हणून विकलेला असला तरी. आणि सोडा, युरिया, पेरॉक्साइड असलं काही ‘दूध टिकायला’ घालण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला परत केंद्रावर येऊ देऊ नका. ते बेकायदा आहे आणि तपासणीत सापडतं.

तिसरं, कॅन ओतण्याआधी नासकं दूध अडवा. वास घेणं ही जुनीच पद्धत आणि अजूनही सगळ्यात जलद. शंका आली तर परीक्षानळीत थोडं दूध घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळा. फाटलं तर ते दूध कॅनमध्ये जाता कामा नये. अल्कोहोलची चाचणी याहून लवकर इशारा देते: ६८ टक्क्यांचं अल्कोहोल आणि दूध समप्रमाणात मिसळायचं, कण्या दिसल्या की दूध उकळीला टिकण्याची खात्री नाही. कूलरवर तुमचा कॅन याच चाचणीनं परत येतो, तेव्हा ती आपल्याकडेच आधी केलेली बरी.

उकळण्याच्या चाचणीत एक गंमत आहे. चिकाचं दूधही उकळल्यावर फाटतं आणि त्याचा आंबटपणाशी काही संबंध नसतो. व्यायल्यानंतर पहिले चार-पाच दिवस दूध केंद्रावर आणायचं नाही, घरी खरवस करून खायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी पैशाच्या ओढीनं तिसऱ्या दिवशीच कुणीतरी दोन लिटर घेऊन येतं आणि त्या दोन लिटरपायी चाळीस लिटर परत येतात.

संध्याकाळचं दूध

अनेक गावांत टेम्पो फक्त सकाळी येतो. मग संध्याकाळची धार रात्रभर घरात राहते आणि सकाळच्या गरम दुधात मिसळून केंद्रावर येते. सगळ्यात जास्त नासतं ते हेच. मिसळू नका हा एवढा एक नियम पाळला तरी मोठा फरक पडतो. संध्याकाळचं दूध वेगळ्या भांड्यात, पाण्यात ठेवून आणि केंद्रावर वेगळं तपासून वेगळ्या कॅनमध्ये.

ते टिकतच नसेल तर त्याला दूध म्हणून विकायचा हट्ट सोडा. दही, तूप, पनीर किंवा खवा करा. खवा म्हशीच्या दुधाचा वजनाच्या २१-२२ टक्के पडतो, गाईचा सतरा-अठराच्या आसपास. म्हशीच्या दहा लिटरमधून सव्वादोन किलोच्या आसपास खवा मिळतो. त्यातून जळण आणि दीड-दोन तासांची मजुरी वजा करा आणि उरलेल्याची सकाळच्या दराशी तुलना करा. पऱ्हाटीचं (कपाशीच्या काड्यांचं) सरपण घरचं असेल त्याला परवडतं, गॅसवर आटवणाऱ्याला लग्नसराई किंवा दिवाळीतच. नागपूरला संत्रा बर्फीवाल्यांपासून चौकातल्या हलवायापर्यंत खव्याला गिऱ्हाईक आहे, पण त्यांना रोज ठरलेला माल हवा असतो. हंगामात एकदा नेऊन उभं राहणाऱ्याला भाव मिळत नाही.

बल्क कूलरवर

कूलरची टाकी ४ अंशांवर पोचून भरलेली असेल आणि लाईन गेली, तर लगेच घाबरायचं कारण नाही. टाकीचं आवरण चांगलं असेल तर तापमान सावकाश चढतं. गरम दूध ओतून झालंय आणि लगेच लाईन गेली ही वेळ धोक्याची. म्हणून आपल्या फीडरचं भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर लावा आणि संकलनाची वेळ अशी ठेवा की दूध ओतल्यावर निदान दोन-तीन तास वीज मिळेल. लाईन गेली, आली, दोन्ही वेळचं तापमान, एवढं लिहून ठेवा. महिन्याभरात जनरेटर कधी लावायचा याचा नियम तुमच्याच वहीतून निघेल. पाचशे लिटर दूध ३५ रुपयांनी साडेसतरा हजारांचं होतं, जनरेटरला तासाला दोनशे रुपयांचं डिझेल लागलं तरी चार तासांचे आठशे. तरीही डिझेल वाचवायला जनरेटर बंद ठेवणारे असतात, कारण डिझेलची पावती आज दिसते आणि दर कपात दहा दिवसांनी.

मोजपट्टीनं दूध मोजताना ढवळणी बंद करा, फेस बसू द्या, टाकी समतल आहे का ते पाणसळीनं (लेव्हलनं) तपासा. एका बाजूला कललेली टाकी रोज तेवढंच खोटं बोलते.

धुण्याबद्दल थोडं. आधी साध्या पाण्यानं, मग सोडा घातलेल्या गरम पाण्यानं ब्रश, मग स्वच्छ पाणी. पहिलंच पाणी उकळतं घातलं तर दूध भांड्याला चिकटून बसतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी जड असल्यामुळे भांड्यांवर पांढरट थर लवकर धरतो आणि त्यात जिवाणू घर करतात. तिथे आठवड्याला डेअरीसाठीच्या आम्लानं धुणं टाळता येत नाही.

गोठ्यातली तूट

ही केंद्राच्या ताळ्यात येत नाही, पण दूध कमी होण्याचं मूळ इथेच असतं. दगडी (कासेची सूज) झालेली उघड दिसते. सुप्त दगडी मात्र महिनोन्‌महिने दूध खाते. कपडे धुण्याच्या पावडरीचं तीन टक्क्यांचं द्रावण करून प्रत्येक सडाच्या दुधात समप्रमाणात मिसळून हलवा, घट्ट लिबलिबीत झालं तर त्या सडाला तपासणी हवी. धार काढताना पहिल्या दोन पिळा काळ्या फडक्यावर घ्या, धार झाल्यावर सड औषधात बुडवा आणि जनावराला अर्धा तास बसू देऊ नका, पुढ्यात कुटार (भुसा) टाकलं की ते उभं राहतं. प्रतिजैविकाचं इंजेक्शन झालं की डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध केंद्रावर नाही. फेकलेलं ते दूधही तूट म्हणून लिहा, म्हणजे दगडीवर किती पैसे जातात ते दिसेल.

ढेपेबद्दल आपल्याकडे वेगळं सांगावं लागतं. सरकीची ढेप ओली राहिली की बुरशी धरते आणि बुरशीतलं अफलाटॉक्सिन दुधात उतरतं. किलोला ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर ते दूध कायद्यानं नापास, आणि उकळून ते जात नाही. ढेपेची पोती जमिनीवर नको, फळीवर आणि भिंतीपासून दूर ठेवा. पोळ्याच्या आसपास घरात सगळीकडे ओल असते तेव्हा तर फोडून, हुंगून मगच टाका. काळी पडलेली ढेप ‘ढोरालेच तर देतो’ म्हणून टाकू नका.

तूट कुणाच्या नावावर

सगळं मोजून झालं तरी हा प्रश्न उरतो, आणि तो आधी सोडवला नाही तर मोजणी भांडणाचं साधन होते. दूध ज्याच्या ताब्यात असताना बिघडलं त्यानं ते सोसावं, हे बोलायला सोपं आहे. पण कूलरवरून परत आलेल्या चाळीस लिटरच्या कॅनमध्ये पंधरा घरांचं दूध असतं. म्हणून कॅनला नंबर द्या आणि कोणत्या कॅनमध्ये कुणाकुणाचं दूध गेलं ते लिहा. मग परत आलेल्या कॅनपुरतीच चौकशी होते, अख्ख्या गावाचा दर कापला जात नाही.

रोजचा ताळा, म्हणजे घेतलं, पोचलं, फरक आणि शेरा, केंद्राच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहा. सचिवाच्या कपाटातल्या वहीवर लोक विश्वास ठेवत नाहीत, फळ्यावरचा आकडा मात्र रोज वाचतात आणि त्यावर बोलतात. फरक एका टक्क्याच्या वर गेला तर त्याच दिवशी टेम्पोवाला आणि ऑपरेटर दोघांना दाखवा. दहा दिवसांनी कुणालाच काही आठवत नाही.

परत आलेल्या कॅनचं नुकसान कसं वाटायचं, उशिरा आलेल्या टेम्पोच्या दिवशी काय करायचं आणि ४० अंशांच्या वर पारा गेल्यावर केंद्र किती वाजता बंद होणार, हे तिन्ही ठराव होळीच्या आधी बैठकीत लिहून घ्या आणि सह्या घ्या. टेम्पोवाल्यालाही त्या बैठकीला बोलवा.